दुबईचा फोन

"कुणाचा विश्वास बसणार नाही मॅडम, पण आमचा विनोदी कार्यक्रम पार दुबईत बघतात!" गावच्या केबलवरचा हौशी निवेदक हणमंता छाती फुगवून म्हणाला. मुंबईच्या वाहिनीच्या बाई त्याच्या घरातल्या स्टुडिओत आल्या होत्या. आजचा भाग पटला, की तो आणि त्याचा मेहुणा राज्यभर झळकणार होते.

ठरल्याप्रमाणे फोन वाजला. "दुबईहून बोलतेय, पोट दुखेस्तोवर हसतो हो आम्ही!" स्वयंपाकघरातून हणमंताची बायको आवाज बदलून बोलली. तोच फोनमध्ये आणि भिंतीपलीकडे एकदमच कुकरची शिट्टी झाली. हणमंता मोठ्यांदा खोकला. दुसऱ्या शिट्टीला मेहुण्याने टाळ्या पिटल्या. तिसरी खोकल्या-टाळ्यांतूनही स्वच्छ ऐकू आली.

बाईंनी फोन पुढे ओढला. "दुबईच्या वहिनी, तीन शिट्ट्या झाल्या. गॅस बंद करा."