बर्फातून कुणी आणलं

"गोळीबार चालूच होता. या राणबाला पाठीवर घेतलं आणि चार तास बर्फातून खाली आणलं," सुभेदार हिंदुराव माईकवर सांगत होते. शाळेच्या पटांगणात माजी सैनिकांचा सत्कार होता. मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

मांडीवर शाल-श्रीफळ घेऊन बसलेले राणबा सुन्न झाले. त्यांना खाली आणलं होतं त्यांच्याच तुकडीतल्या दत्तूने. त्यांना तंबूत ठेवून तो दुसऱ्या जखमीसाठी पुन्हा वर गेला, तो परतलाच नाही. हिंदुराव तेव्हा सुट्टीवर होते. ही हकीकत राणबांनीच त्यांना सांगितली होती, जिवलग मित्र म्हणून. उठून बोलावंसं वाटलं, पण भरल्या मांडवात मित्राची अब्रू काढायला जीभ रेटेना.

कार्यक्रम संपल्यावर दत्तूची पत्नी अनुसया जवळ आल्या. वीरपत्नी म्हणून त्यांचाही सत्कार झाला होता.

"भाऊजी, ह्यांनी तुम्हाला आणलं असं इतकी वर्षं सांगत आलात. ते माझं मन राखायला होतं का?"

"नाही वहिनी. दत्तूनंच आणलं."

"मग मघाशी गप्प का बसलात?"

राणबांनी वळून पाहिलं. व्यासपीठावर हिंदुराव मुलांना सह्या देत होते. माईकवाला वायर गुंडाळायला लागला होता.

"जरा थांब," राणबा त्याला म्हणाले आणि पायऱ्या चढू लागले.

त्यांना येताना पाहून हिंदुरावांनी हसत दोन्ही हात पसरले. राणबा त्यांना वळसा घालून माईककडे गेले.