अर्धा पेरू

अर्धा पेरू खाऊन झाला तेव्हा मौलाना बदरुद्दीनना आठवलं, आज रोजा आहे. तोंडातला घास त्यांनी झाडाच्या बुंध्याशी थुंकला आणि चूळ भरली.

विसरून खाल्लं तर रोजा मोडत नाही, हे गावाला चाळीस वर्षं त्यांनीच शिकवलं होतं. माणूस मुळातच विसरभोळा, ते अल्लाहला ठाऊक आहे. तो घास त्यानेच भरवला म्हणायचं आणि रोजा पुढे चालू ठेवायचा. त्यामुळे मौलानांना चुटपुट अशी लागली नाही. पण वळून पाहतात तर ओट्यावर बायको जुलेखा तांदूळ निवडत बसलेली, आणि तिची नजर त्यांच्यावरच.

"तू बघत होतीस?"

"पहिल्या घासापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हीच तर सांगता," जुलेखा सुपात बघत म्हणाली. "धडधाकट माणूस विसरून खात असेल तर त्याला आठवण करून द्यावी. थकलेला असेल तर गप्प राहावं, दोन घास पोटात जाऊ द्यावेत."

मौलाना हसले. बायकोने नियम अगदी बरोबर ध्यानात ठेवला होता. उरलेला पेरू त्यांनी शेळीपुढे टाकला आणि हात पुसता पुसता थांबले.

"जुलेखा, गेल्या रमजानला याच झाडाखाली तू माझ्या हातातून पेरू हिसकावून घेतला होतास."

जुलेखाने मान वर केली नाही. सुपातले खडे केव्हाच संपले होते, तरी तिची बोटं तांदळात फिरत राहिली.