अकराव्या पानावरची मैनाबाई

“नाव यादीत नाही म्हंजे? मागच्या बारीले इथंच तर मत देलं मी!” केशवराव मोबाइलच्या पडद्याकडे डोळे वटारून ओरडले.

पडद्यातल्या हर्षानं हसू दाबलं आणि फ्रेंचमध्ये त्यांना शांत केलं. कोणत्या टेबलाकडे जायचं, कोणता कागद दाखवायचा, सगळं सांगितलं. केशवरावांना त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण मतदार म्हणून त्यांचं समाधान झालं. हर्षानं पाठवलेल्या पुस्तिकेतल्या दहाव्या पानावर त्यांनी बरोबरची खूण केली.

अमरावतीत संध्याकाळ होती, तिकडे क्यूबेकमध्ये सकाळ. हर्षाला तिथं जाऊन तीन वर्षं झाली होती आणि तीन वर्षांत हाताला काम लागलं नव्हतं. आता कुठं निवडणुकीत मतदान केंद्रावर बसायचं काम मिळू घातलं होतं. पुस्तिका आली इंग्रजीत, पण उद्याची तोंडी परीक्षा फ्रेंचमध्ये. म्हणून आठवडाभर बापलेकीची तालीम चालली होती. केशवराव तीस वर्षं मास्तर होते आणि निवडणूक लागली की केंद्राध्यक्ष. मतदार किती तऱ्हेचे असतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक! ते कधी भांडखोर होत, कधी पिऊन येत, कधी मेलेल्या भावाच्या नावावर मत मागत. हर्षा एकेकाला फ्रेंचमध्ये वाटेला लावी.

ऐकून ऐकून त्यांनीही जुन्या डायरीत शब्द उतरवले होते. मतपत्रिका म्हणजे ब्युलतँ, मतपेटी म्हणजे उर्न, आडोशाला उभं राहून मत द्यायची जागा म्हणजे इझोल्वार. हर्षाची आई सत्यभामाबाई स्वयंपाकघरातून विचारत, “आता बजारात मेथी बी फ्रेंचमंधीच मागसान का?”

“चाल, आता बारावं पान,” केशवराव म्हणाले.

“बाबा, अकरावं काहून सोडता? रोज सोडता तुमी.”

“सोपं हाये ते. नाही इचारत.”

“तेच इचारतात म्हणे. मागच्या बारीले दोघं जण त्याच्यातच नापास झाले.”

केशवराव उठले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. खिडकी लावली, लगेच उघडली. अकराव्या पानावर आंधळ्या मतदाराला मदत कशी करायची, ते होतं. म्हणजे त्या पानावर मैनाबाई होती. तिच्याबद्दल त्यांनी चाळीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं, सत्यभामाबाईंनासुद्धा नाही.

“अन् बाबा, एक सांगाचं राह्यलं,” हर्षा म्हणाली. “अर्जात मी तुमचंच लिवलं. म्हटलं, माह्या बाबानं तीस वर्षांत एका मताचा घोळ होऊ देला नाही. ते वाचूनच बलावलं त्यायनं मले.”

सांगावं तर लेकीच्या मनातून उतरायचं, तेही तिच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी. न सांगावं तर जन्मभर तिच्या तोंडून ही आरती ऐकायची. इकडे आड, तिकडे विहीर.

“बसा ना बाबा. आता तुमी आंधळी म्हातारी, समजा.”

ते बसले. डोळे मिटले. मिटल्याबरोबर नांदगाव खंडेश्वरकडचं ते खेडं समोर आलं. केंद्राध्यक्ष म्हणून त्यांची पहिलीच निवडणूक. आदल्या दिवशी सगळ्या पथकाला छत्री निशाणीवाल्या उमेदवाराच्या घरी रोडग्यांचं जेवण होतं. मास्तरांना तूप त्यानं स्वतः वाढलं होतं, नको नको म्हणेपर्यंत. दुसऱ्या दिवशी मैनाबाई काठी टेकत एकटीच आली. तेव्हा आंधळ्याच्या मताचा शिक्का केंद्राध्यक्षच मारून देत. दारात छत्रीवाल्याचा माणूस उभा होता आणि मास्तरांकडेच पाहत होता.

“मास्तर,” केशवराव म्हणाले. “मले दिसत नाही. संग कोणी नाही. कपबशीवर शिक्का मारून द्या, बाप्पा.”

हर्षा फ्रेंचमध्ये बोलली. कुठं अडखळली नाही. म्हातारीचा हात हातात घेऊन बोलावं, तशी हळू बोलली.

“काय म्हटलं तू तिले?” डोळे न उघडता त्यांनी विचारलं.

“म्हटलं, आजी, तुमी सांगसान तिथंच शिक्का मारीन. अन् कोणाले सांगणार नाही. बरोबर हाये ना, बाबा?”

केशवरावांनी डोळे उघडले. लेक उत्तराची वाट पाहत होती. मास्तरांचा शेरा मिळाल्याशिवाय तिचं समाधान होत नसे, लहानपणापासूनच.

“बरोबर हाये, बाई. मी बी तिले हेच म्हटलं होतं,” ते म्हणाले, “अन् शिक्का छत्रीवर मारला.”