शेवटच्या तारेची टेस्ट

वस्तीत घरोघर फायबर आलं, आणि तांब्याची शेवटची टेलिफोन लाइन तोडायला लाइनमन खांबावर चढला. तोडायच्या लाइनचीसुद्धा आधी टेस्ट घ्यायची, असा नियम होता. कुणी केला देव जाणे. त्याने टेस्टचा फोन तारेला जोडला. पलीकडे एक्सचेंजमध्ये नेहमीचे टेस्टवाले गृहस्थ होते.

"हॅलो, येतोय का आवाज?"

"खणखणीत. गुडघा काय म्हणतोय?"

"कुरकुर चालूच आहे. लेकीचं जमलं का?"

"जमलं बुवा एकदाचं."

नोकरीभर दोघांचं असंच चाललं होतं. लाइन दुरुस्त झाली की टेस्टपुरती दोन वाक्यं बोलायची, त्यातलं एक घरचं. एकमेकांना पाहिलं मात्र कधीच नव्हतं. कामाशिवाय फोन कशाला करायचा, म्हणून मोबाइल नंबरही कुणी मागितला नव्हता.

"उद्यापासून मला वरच्या मजल्यावर बसवताहेत," टेस्टवाले म्हणाले. "फायबरची टेस्ट कॉम्प्युटरच घेतो. कुणाशी बोलावं लागत नाही."

"बरंच झालं की. डोक्याला ताप नाही." लाइनमनने खिशातून पक्कड काढली. "तोडू मग?"

"थांबा जरा," टेस्टवाले म्हणाले. "लाइनवर थोडी खरखर येतेय. आधी ती काढू या."

लाइनमनला तर त्यांचा श्वाससुद्धा स्वच्छ ऐकू येत होता.

"हो, इकडेही येतेय," तो म्हणाला, आणि त्याने पक्कड परत खिशात ठेवली.