पाहुण्यांच्या रेघा

आत्या राहायला येणार म्हणून भाचीने आपल्या कामाच्या इवल्याशा खोलीचा कायापालट केला. टेबल भिंतीला सरकवलं, कॉम्प्युटर कपाटावर चढवला, घडीचा पलंग उघडला. भिंतींना तर कालच रंग दिला होता.

रंगाखाली बाबांच्या रेघा गेल्या, तेव्हा तिला भरून आलं होतं. बाबा सुतार. पाहुणा आला की त्याची उंची पेन्सिलीने इथे आखायचे आणि पलंगाला तेवढी फळी जोडायचे. म्हणायचे, "पाय लोंबकळले तर पाहुणा परत येत नाही."

बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती.

आत्या आली आणि जुन्या सवयीने भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. "दादानं मोजल्याशिवाय इथे झोपायची सोय नव्हती बाई," ती हसत म्हणाली आणि बाजूला झाली.

नव्या रंगावर पेन्सिलीची रेघ होती. वयाने आत्या चार बोटं खचली होती. रेघ तिच्या जुन्या रेघेच्या जागेहून बरोबर तेवढीच खाली होती.

"आणि ही वरची कुणाची गं?"

भाचीने वर पाहिलं. चौकट लागू नये म्हणून बाबा दारात मान वाकवायचे. दुसरी रेघ बाबांच्याच उंचीवर होती.

बाबांनी स्वतःला कधीच मोजलं नव्हतं. रेघा फक्त राहायला येणाऱ्यांच्या असायच्या.