खिडकीकडची खोली

वसतिगृहाच्या मागच्या इमारतीतली खोली दाखवताना रेक्टरबाईंनी नाकाला पदर लावला. शेजारच्या संडासाचं पाणी दारापर्यंत आलं होतं. गादीवरचे काळे डाग पाहून संघमित्राने हातातली पिशवी खाली ठेवलीच नाही.

"पुढच्या इमारतीत खिडकीकडची खोली रिकामी आहे ना?" तिने विचारलं. गुणवत्ता यादीत ती तिसरी होती. खोली निवडायचा हक्क तिचा होता.

"आहे गं," बाई गोड हसल्या. "पण आडनाव तायडे ना तुझं? मग इथेच रमशील. तुमच्यातल्याच मुली आहेत सगळ्या. तिकडच्या मुली पूजाबिजा करतात, उगाच त्यांनाही अवघड आणि तुलाही."

संडासाच्या वासाने आली नव्हती एवढी शिसारी तिला त्या हसण्याची आली. तिने सोबत आलेल्या वडिलांकडे पाहिलं. तीस वर्षं कचेरीत शिपाई म्हणून राबलेले पप्पा हात जोडून उभे होते.

"चालेल मॅडम," ते म्हणत होते, "पोरीला सगळं चालतं. खोली मिळाली हेच खूप."

तिने त्यांचे जोडलेले हात हळूच सोडवले.

"पप्पा, मला नाही चालत," ती म्हणाली आणि बाईंकडे वळली. "मॅडम, खिडकीकडच्या खोलीची किल्ली द्या. नाहीतर आत्ता बोललात ते माझ्या अर्जावर लिहून खाली सही करा."

बाईंचं हसू मावळलं. जुडग्यातून किल्ली काढून त्यांनी पप्पांपुढे धरली.

पप्पांनी ती एकाच हाताने घेतली.