एक मूठ वर

"आई, यंदा ते कार्ड नको," धाकटा श्रीरंग फोनवर म्हणाला. "वर्षाची फी भरायची, वर पोत्याशिवाय माल मिळत नाही. आता घरबसल्या हवं तेवढंच मागवता येतं. तिघांनाही परवडत नाही गं."

घाऊक दुकानाचं ते कार्ड वत्सलाबाईंच्या नावावर होतं. तिन्ही मुलांच्या चुली वेगळ्या झाल्या, तरी महिन्याच्या पहिल्या रविवारी शेंगदाण्याचं पोतं त्यांच्याच घरी फुटायचं. नातवंडं कोपरापर्यंत हात खुपसून बसायची. सुना वाटे करायच्या. "थोरल्या जाऊबाईंचा हात बघा, स्वतःच्या डब्यात कसा सैल सुटतो," म्हणत हसायच्या.

वत्सलाबाई मुलाला "बरं" म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप फी भरून आल्या. रविवारी रिक्षातून पोतं आणलं, मग तिघांना फोन केले. "आणलंय बाबा मी. एकटीला कुठं संपतंय? या, घेऊन जा."

"पाठवतो कुणाला तरी," तिघंही म्हणाले.

दुपारी हेल्मेट घातलेला एक माणूस पिशवी न्यायला आला. मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येक वाट्यावर वत्सलाबाईंनी सवयीने एक मूठ जास्तीची टाकली.

तिसऱ्याला त्या म्हणाल्या, "बसा जरा. चहा टाकलाय, सगळ्यांपुरता."

"नको मावशी, पुढची ऑर्डर आहे," म्हणत तो जिना उतरला.

त्या कार्डात अजून अकरा रविवार शिल्लक होते.